पेन खाली ठेवल्यावर

माईंनी हातातला कापूस मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "आता ते पेन ठेव खाली. मग सांगते." मी पेन ठेवले, वही मिटली आणि मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण त्यांना दिसेल अशा बेताने बंद केले. त्यानंतर दिवेलागणीपर्यंत त्या बोलत होत्या. मधूनमधून वाती वळण्याचे काम चालूच होते. गुडघ्यावर कापसाचा पेळू तळहाताने एकदा पुढे, एकदा मागे सरकवायचा आणि तयार झालेली वात पितळेच्या डब्यात आडवी ठेवायची, हा क्रम त्यांनी मोडला नाही. आवाजही नेहमीसारखाच होता. मी मात्र त्या संध्याकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारातून घरी चालत येताना रस्त्यावरचे काहीही नीट पाहिले नाही. माझ्या लघुप्रबंधात ज्या प्रश्नाचे उत्तर मी शोधत होते, ते उत्तर मला मिळाले होते, आणि ते लिहिण्याची परवानगी मला नव्हती.

माईंनी काय सांगितले, ते मी येथेही लिहिणार नाही. त्यांची ओळख पटेल असे काही तपशील मी या लेखात बदलले आहेत, तेही त्यांना विचारून.

सामाजिक मानवशास्त्र घेऊन एम.ए. करत होते, तेव्हाची ही गोष्ट. लघुप्रबंधाचा विषय साधा होता: बडोद्यातील जुन्या मराठी घरांमधील विवाहसंबंध तीन-चार पिढ्यांत कसे बदलत गेले. गायकवाडांच्या राज्यात शिलेदारी, कारकुनी, पुरोहितपण, गाणे-बजावणे अशा नाना कारणांनी आलेली ही घरे. राज्य १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला, आणि दरबाराच्या आधाराने आलेली माणसे दरबार उरला नाही तरी येथेच राहिली. त्यांनी मुली कोठून आणल्या आणि मुली कोठे दिल्या, हे पाहिले की नकाशावर न दिसणारा एक प्रदेश उभा राहतो. त्याला नाशिक, सातारा, कोल्हापूर ही टोके आहेत, पण ग्वाल्हेर आणि इंदूरही आहेत. माईंचे माहेर ग्वाल्हेरचे, तिथल्या लष्कर या भागातले. लग्नानंतर बडोद्याला येताना रतलामला गाडी बदलली आणि फलाटावर पहाट झाली, एवढे त्या आजही सांगतात. लग्नातले मात्र त्यांना फारसे काही आठवत नाही.

वंशावळ काढण्याची रीत आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवली होती. पुरुषासाठी त्रिकोण, स्त्रीसाठी वर्तुळ, विवाहासाठी बरोबरीचे चिन्ह, भावंडांसाठी वरची आडवी रेघ, अपत्यांसाठी खाली उतरणारी उभी रेघ. ही रीत आमच्या शास्त्रात आणणारा डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हा मुळात वैद्यकाचा माणूस. १८९८ मध्ये केंब्रिजच्या मोहिमेबरोबर तो टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर गेला, तो तेथील लोकांची दृष्टी आणि इतर संवेदना तपासण्यासाठी. एखादा गुण घराण्यात उतरतो का, हे पाहायला त्याने नातेसंबंध लिहून घ्यायला सुरुवात केली आणि त्याच्या लक्षात आले की लोकांना आपल्या कितीतरी पिढ्या तोंडपाठ आहेत, आणि त्या नावांच्या जाळ्यातून विवाहाचे, वारशाचे, स्थलांतराचे नियम आपोआप बाहेर येतात. लोकांना 'तुमच्याकडे नियम काय?' असे विचारले तर ते आदर्श सांगतात. 'तुमच्या आत्याला कोठे दिली?' असे विचारले तर घडलेले सांगतात. या एका निरीक्षणावर आमचे अर्धे शास्त्र उभे आहे, असे मला आजही वाटते.

माईंसमोर मी मोठा कागद पसरला तेव्हा त्यांनी पहिला आक्षेप आरंभालाच घेतला. मी स्वतः माईंपासून सुरुवात करू पाहत होते, कारण सांगणारी व्यक्ती हा आमच्या आकृतीचा केंद्रबिंदू असतो. "असे मधूनच कसे सुरू करतेस? आधी कुलदैवत लिही, मग गोत्र, मग मूळ गाव," असे म्हणून त्यांनी मला कागदाच्या माथ्यावर तिन्ही गोष्टी लिहायला लावल्या. मग सासऱ्यांच्या आजोबांपासून एकेक पिढी खाली आली. मध्येच त्या थांबत, डोळे मिटत, बोटांच्या पेरांवर मोजत आणि "नाही, तो आधीच्या बायकोचा," असे म्हणून मला खोडायला लावत. त्या घरात तीन पिढ्यांत तीन वेळा मुलगी ग्वाल्हेरच्या एकाच घरातून आली होती, हे कागद भरत आला तेव्हा दिसले. आत्या आधी आली, मग तिच्या पाठोपाठ तिच्या भावाची मुलगी सून म्हणून आली, आणि पुढे तिच्याही भावाची मुलगी. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारताचे आप्तसंबंधांच्या दृष्टीने जे पट्टे पाडले, त्यांत महाराष्ट्र आणि गुजरात दोन्ही मधल्या पट्ट्यात येतात, पण मामाच्या मुलीशी लग्न करण्याची जी मोकळीक अनेक मराठी जातींत आहे ती आमच्या शेजारच्या पाटीदार किंवा वाणी घरांना आजही चमत्कारिक वाटते. माईंना त्यात सांगण्यासारखे काहीच वाटत नव्हते. आत्याच सासू असली की मुलीला निदान रडायला ओळखीचा खांदा असतो, इतकेच त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, कोणी विचारले नसताना, "नेहमी नाही," असे पुढे जोडले.

मृत व्यक्तीच्या चिन्हावर तिरपी रेघ मारतात. माईंच्या यजमानांच्या त्रिकोणावर मी रेघ मारली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचा मधला मुलगा लहानपणी गेला होता, त्याच्या त्रिकोणावर रेघ मारली तेव्हा त्यांनी कागद आपल्याकडे ओढला आणि विचारले, "त्याला का खोडलेस?" मी संकेत समजावून सांगितला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला आणि मान हलवली. त्यांना तो समजला होता आणि मान्य नव्हता. मग मी खोडरबराने साऱ्या तिरप्या रेघा पुसल्या आणि गेलेल्या प्रत्येकाच्या नावाआधी 'कै.' लिहिले. माझ्या मार्गदर्शक बाईंनी ती आकृती पाहिली, क्षणभर थांबल्या आणि तळटीप घालून तशीच ठेवायला सांगितली. लघुप्रबंधातल्या ज्या थोड्या गोष्टींचा मला निखळ आनंद आहे, त्यांत ती तळटीप आहे.

बडोद्यात हे शास्त्र शिकताना पायाखालच्या जमिनीची जाणीव सतत होते. येथील विद्यापीठ ३० एप्रिल १९४९ चे, म्हणजे विलीनीकरणाच्या आदल्या दिवसाचे. राज्य सोडता सोडता राज्याने मागे ठेवलेली ही वस्तू. १९५१ मध्ये एम. एन. श्रीनिवास ऑक्सफर्डमधील नोकरी सोडून येथे समाजशास्त्राचा विभाग उभा करायला आले आणि १९५९ मध्ये दिल्लीला गेले. मुंबईत घुर्ये यांच्या हाताखाली आणि नंतर ऑक्सफर्डला रॅडक्लिफ-ब्राऊन व इव्हान्स-प्रिचर्ड यांच्याकडे ते शिकले होते, आणि समाजशास्त्र व सामाजिक मानवशास्त्र यांच्यात त्यांनी भिंत मानली नाही. आपलाच समाज आपण अभ्यासावा, गावात जाऊन राहून अभ्यासावा, हा आग्रह त्यांनी येथल्या पहिल्या विद्यार्थ्यांत रुजवला. त्यांच्यापैकी अ. म. शहा पुढे राधवणज या गुजराती गावाच्या अभ्यासामुळे नावारूपाला आले. त्याआधी त्यांनी वहीवंचा बारोटांवर काम केले होते. हे बारोट म्हणजे यजमानांच्या वंशावळी पिढ्यानुपिढ्या वहीत लिहून ठेवणारे आणि त्या वाचून दाखवणारे लोक. म्हणजे आम्ही ज्याला पद्धत म्हणतो ते काम या भूमीवर आमच्या कितीतरी आधीपासून कोणी उपजीविका म्हणून करत होते. कला शाखेच्या त्या भव्य घुमटाखालून जाताना मला या परंपरेचा अभिमान वाटायचा, आणि तो मी लपवत नाही. माझे आजोबा त्याच घुमटाखाली शिकले. त्यांच्या पिढीला शिकायला बडोद्याबाहेर जावे लागले नाही, याचे श्रेय ते सयाजीरावांना अशा स्वरात देत, जणू महाराजांनी त्यांची फी जातीने भरली होती.

पण आपलाच समाज अभ्यासावा, या आग्रहाला विरोधही तितकाच वजनदार आहे. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ एडमंड लीच यांनी १९८२ मध्ये स्पष्टच लिहिले की ज्या संस्कृतीचा आपल्याला आधीपासून जवळून परिचय आहे तेथे क्षेत्रकार्य करणे परक्या मुलखात जाण्यापेक्षा अधिक कठीण असते, कारण आपले पूर्वग्रह आपली दृष्टी आधीच वळवून ठेवतात. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या समाजावर लिहिणाऱ्या चिनी अभ्यासकांची उदाहरणे घेतली आणि त्यांत फेई श्याओतोंग यांनाच सर्वांत यशस्वी ठरवले. फेई यांनी १९३६ मध्ये ज्या गावात काम केले तेथे त्यांची बहीण रेशीम उत्पादकांच्या सहकारी संस्थेसाठी काम करत असे. गावाचे दार त्यांना तिच्यामुळे उघडले. बहिणीमुळे उघडलेल्या दारातून आत गेलेल्या माणसाने काय पाहिले, यावर परीक्षेत लिहायला खूप आहे. काय पाहून न लिहिता सोडले, हा प्रश्न आमच्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत आला नाही.

लीच यांचे म्हणणे मी वारंवार वाचले आहे आणि त्याच्याशी भांडण्याचा माझा हेतू नाही. डोळ्याबद्दल ते बरोबर आहेत. माईंच्या ओटीवर बसून मला कितीतरी गोष्टी दिसल्या नसतील, कारण तशाच गोष्टींत मी वाढले. दुपारच्या झोपेनंतर पुरुषांचा चहा आधी होतो आणि बायकांचा नंतर, हे मी कधी टिपले नाही. माझ्याबरोबर आलेल्या केरळच्या वर्गमैत्रिणीने ते पहिल्याच भेटीत टिपले. पण मला जी अडचण आली ती डोळ्याची नव्हती. मला दिसले होते, ऐकू आले होते, समजलेही होते. अडला तो हात. ज्यांच्याबद्दल लिहायचे त्यांची सून खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेताना मला भेटते, त्यांचा नातू माझ्या भावाबरोबर क्रिकेट खेळतो, गणपतीत त्यांच्या घरची आरती झाल्याशिवाय आमच्याकडे प्रसाद वाटत नाहीत. मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअंड बेटांवर क्षेत्रकार्य करून निघून आले, १९२२ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला आणि तो तेथील कोणी वाचण्याची शक्यता नव्हती. त्यांची खासगी रोजनिशी त्यांच्या मृत्यूनंतर, १९६७ मध्ये छापली गेली तेव्हा त्या बेटवासीयांबद्दलचा त्यांचा त्रागा आणि तुच्छता वाचून शास्त्रातली माणसे हादरली. म्हणजे ज्या लोकांबद्दल लिहिले त्यांना सोडून इतर सर्वांना उत्तर द्यावे लागले. माझ्या बाबतीत क्रम उलटा होता. परीक्षक एकदा भेटणार होते, माई रोज.

नावे बदलावीत, दोन व्यक्तींची एक करावी, गाव बदलावे, हे उपाय आम्हाला शिकवले जातात आणि ते उपयोगाचेही आहेत. पण ज्या शहरात मराठी घरे एकमेकांना आडनावासह, देवघरासह आणि भांडणांसह ओळखतात तेथे नाव बदलून काहीही झाकले जात नाही. 'दांडिया बाजारातील एक वृद्ध विधवा' असे लिहिले तरी संध्याकाळपर्यंत सुरसागर तलावाच्या पाळीवर बसणाऱ्या मंडळींत ती कोण हे ठरलेले असते. वाचणाऱ्याला कळणार नाही, ही सोय दूरच्या वाचकापुरती खरी आहे, जवळच्या वाचकापुरती नाही.

याच्या दुसऱ्या बाजूने मला अधिक त्रास दिला. आपल्या घराण्यांच्या जुन्या वंशावळी काढून पाहाव्यात. बहुतेकींत मुलींची नावे नाहीत; असल्या तर 'कन्या' एवढाच उल्लेख, आणि सुनांची तर कैक पिढ्यांत नोंदच नाही. आज एखादी विद्यार्थिनी एखाद्या माईंच्या सांगण्यावरून पेन खाली ठेवते आणि तेवढा भाग कागदावर येत नाही, तेव्हा पन्नास वर्षांनी तो कागद वाचणाऱ्याला ही जागा त्या जुन्या रिकाम्या जागांसारखीच दिसेल. कोणी मायेने सोडलेले आणि कोणी मोजण्यालायक न मानल्यामुळे सोडलेले, दोन्ही कागदावर सारखेच कोरे असते. बायकांनी बायकांना सांगितलेले, पण कोठेही न लिहिलेले, हेच जर आपल्या समाजाचे सर्वांत मोठे दप्तर असेल, तर त्याला हात न लावता विवाहसंबंधांवर प्रबंध लिहिणे म्हणजे दाराच्या चौकटीचे माप घेऊन घराचे वर्णन करणे होय. हा विचार मला त्या काळात झोपू देत नसे. आजही मी त्याच्यावर मात केली आहे, असे म्हणणार नाही.

बाईंना मी एवढेच सांगितले की काही महत्त्वाचे कळले आहे आणि ते लिहिता येणार नाही. त्यांनी काय कळले ते विचारले नाही. याबद्दल त्यांच्याविषयीचा माझा आदर फार वाढला.

त्याच आठवड्यात त्यांनी मला श्रीनिवास यांच्या जळालेल्या टिपणांची हकीकत पुन्हा वाचायला सांगितली. रामपुरा या कर्नाटकातील गावात त्यांनी १९४८ मध्ये क्षेत्रकार्य केले. पुढे १९७० मध्ये ते स्टॅनफर्डला त्या गावावर लिहायला बसले होते, तेव्हा २४ एप्रिलला तेथील केंद्रात लावलेल्या आगीत प्रक्रिया केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ सोल टॅक्स यांनी त्यांना सुचवले की आठवणीतून लिहा. १९७६ मध्ये त्या गावावरचे जे पुस्तक आले ते आठवणीतून आले, आणि त्यातली माणसे टिपणांतल्या माणसांपेक्षा जिवंत असावीत, असे वाचताना वाटत राहते. मला ही हकीकत आधीपासून माहीत होती. या वेळी मात्र ती वाचताना मन वेगळ्या ठिकाणी अडकले. जे लिहिलेले नाही तेही अभ्यासकाच्या जवळ असते आणि लिहिलेल्याला आतून आकार देते. माईंनी सांगितलेले मी लिहिले नाही, पण ते ऐकल्यानंतर आत्याच्या घरी सून म्हणून जाण्याविषयीचे माझे संपूर्ण प्रकरण मी पुन्हा लिहिले. पहिल्या खर्ड्यात मी या प्रथेला मुलीच्या दृष्टीने सुरक्षिततेची व्यवस्था म्हटले होते. दुसऱ्या खर्ड्यात ते विधान राहिले नाही. त्याच्या जागी मी इतर घरांतून, उघडपणे आणि नोंदीसाठी सांगितलेल्या गोष्टींच्या आधारे असे मांडले की ओळखीच्या घरात गेलेल्या मुलीला तक्रार घेऊन माहेरी परतण्याची वाट उलट अरुंद होते, कारण तक्रार ज्या आत्याविरुद्ध करायची ती माहेरचीच असते. हा निष्कर्ष मला कागदोपत्री सिद्ध करता आला. तो शोधायला मी कोठे आणि का गेले, हे मात्र पद्धतीच्या प्रकरणात आले नाही. मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमके हेच विचारले की दोन खर्ड्यांमध्ये भूमिका इतकी कशी बदलली. मी उत्तर दिले की क्षेत्रात ऐकलेल्या एका गोष्टीमुळे, जी मी उद्धृत करू शकत नाही. ते काही क्षण माझ्याकडे पाहत राहिले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. ते समाधानी होते की नाही, हे गुणपत्रिकेवरून कळत नाही.

आता पीएच.डी.साठी विषय ठरवण्याची वेळ आली आहे. आपल्याकडे मानवशास्त्र म्हटले की अजूनही आदिवासी मुलूख डोळ्यांसमोर येतो, आणि बडोद्याच्या विद्यार्थ्याला तर छोटा उदेपूर अगदी जवळ. भिंतींवर पिठोरा चित्रे रंगवणारी राठवा आदिवासींची घरे, तेथील लग्ने, देवविधी, यांवर काम करावे, असे मला काही हितचिंतकांनी सुचवले. आपल्या माणसांत अडकायला होते, तेथे मोकळेपणाने लिहिता येईल, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटले नाही. राठवा घरातली एखादी वृद्धाही कधी तरी म्हणेल की आता पेन ठेव. तिचे ऐकण्याचे बंधन माझ्यावर तितकेच असेल. फरक एवढाच की मी ऐकले नाही तर ते तिला कळणार नाही आणि दुसऱ्या दिवशी मला तिच्यासमोर उभे राहावे लागणार नाही. या सोयीला मोकळेपणा म्हणायला माझे मन धजत नाही. त्या मुलखात जाऊन मन लावून काम करणारे अभ्यासक आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण जबाबदारी हलकी वाटते, या कारणासाठी मी तेथे जाणार नाही.

म्हणून मी बडोदे, इंदूर आणि ग्वाल्हेर या तीन शहरांतील मराठी घरांमध्ये मुलींची देवघेव कशी होत राहिली, हाच विषय पुढे घेतला आहे. संस्थाने गेल्यावर हे संबंध हळूहळू सुटत गेले आणि पुण्या-मुंबईकडे वळले, असे दिसते. ते केव्हा आणि कोणत्या घरांत आधी वळले, हे पाहायचे आहे. प्रस्तावातल्या पद्धतीच्या भागात मी एक परिच्छेद घातला आहे. सांगणाऱ्याने नोंद थांबवायला सांगितल्यावर जे सांगितले जाईल ते प्रबंधात येणार नाही. पुढे कधी त्याच व्यक्तीने स्वतःहून परवानगी दिली तरच येईल. आणि ज्या घराबद्दल लिहिले आहे त्या घरातल्या सांगणारीला तो मजकूर छापण्याआधी मराठीत वाचून दाखवला जाईल. अशा मजकुराचा निष्कर्षावर परिणाम झाला असेल तर तो कोणत्या प्रकरणात झाला, एवढे मात्र मी स्पष्ट नोंदवणार आहे, जेणेकरून वाचणाऱ्याला कोरी जागा कोठे आहे आणि ती कोणाच्या इच्छेने कोरी आहे, हे कळेल. या परिच्छेदावर समितीत आक्षेप येणार, हे बाईंनी आधीच सांगून ठेवले आहे: पडताळता न येणाऱ्या गोष्टीला शास्त्रात जागा कशी द्यायची, असे विचारतील. लीच यांचे म्हणणे आणि माझा मतभेद, दोन्ही मी लिहून काढत आहे, आणि 'कै.' वाली ती आकृतीही सोबत जोडणार आहे.